साथीच्या काळातील महागाई : पैसा नेमका कोणाच्या गल्ल्यात गेला?

तराजू (धागाकर्ता) :

दुसऱ्या एका चर्चेत ‘कोरोनाच्या काळात वाण्यांनी आपल्याला धुऊन काढले’ असे विधान वाचले आणि त्याखाली सहमतीची रांगच लागलेली पाहिली. तिथे विषयांतर नको म्हणून हा स्वतंत्र धागा काढतो आहे. मी पुण्यात लहान दुकानदारांचे हिशेब ठेवण्याचे आणि त्यांची विवरणपत्रे भरण्याचे काम करतो. त्यांत किराणा दुकाने आहेत, औषधांची दुकाने आहेत आणि थोडे ठोक व्यापारीही आहेत. त्यामुळे मार्च २०२० नंतरच्या विक्रीच्या बिलांबरोबर खरेदीची बिलेही माझ्या नजरेखालून गेली. ग्राहकाला दुकानात उभे राहून जे दिसत होते, त्याहून त्या बिलांतले चित्र बरेच निराळे होते. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो : नफेखोरी झाली, भरपूर झाली, पण तिचा मोठा वाटा माल कोपऱ्यावरच्या दुकानात पोहोचण्यापूर्वीच कोणाच्या तरी खिशात गेलेला होता. आपला कायदा, आपला राग आणि आपले मोबाईलवरचे व्हिडिओ मात्र शेवटच्या दुकानदारापाशी येऊन थांबले.

तारखा आठवून पाहा. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. १३ मार्चला केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर यांना १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणले. २१ मार्चला कमाल दर ठरले : दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझर १०० रुपये. पुढे जनता कर्फ्यू, २४ तारखेच्या रात्री आठची घोषणा आणि २५ ला टाळेबंदीतला गुढीपाडवा हे सगळ्यांच्याच लक्षात आहे. दर ठरवण्यात सरकारने फार उशीर केला असे म्हणता येणार नाही. अडचण अशी की दर ठरला तो शेवटच्या विक्रीचा, आणि तोवर माल वरच्या वर दाबला गेला होता.

साथीपूर्वी साधा तीन पदरी मास्क ठोकात दीड-दोन रुपयांना मिळे. मार्चच्या मध्यावर तोच मास्क औषधविक्रेत्याला सरकारी दराहून महाग पडू लागला, आणि तोही रोखीने. एका औषध दुकानाची त्या महिन्याची फाईल माझ्याकडे आली, तेव्हा त्यात मास्कची विक्री होती, पण खरेदी शोधूनही सापडेना. विचारल्यावर दुकानदाराने गल्ल्याच्या खणातून वहीचे फाडलेले पान काढून दिले. त्यावर पेन्सिलीने ‘५ पेटी, रोख’ एवढेच लिहिले होते. ना विकणाऱ्याचे नाव, ना बिलाचा क्रमांक, ना दर. माल स्कूटरवरून आला होता आणि पक्के बिल मागितल्यावर ‘नको असेल तर राहू द्या, पुढच्या चौकात घेतील’ असे उत्तर मिळाले होते. आता या माणसाने काय करायचे? सरकारी दराने विकले तर पदरचे घालून विकायचे, चढ्या दराने विकले तर गुन्हा, आणि माल ठेवलाच नाही तर ‘आत लपवून ठेवलाय’ म्हणून गिऱ्हाइकांच्या शिव्या. तो साव होता असे मी म्हणत नाही, त्यानेही त्यात आपले चार पैसे सोडवलेच. पण पेन्सिलीने ते पान लिहिणाऱ्याने जे मिळवले, त्यापुढे याची कमाई चिल्लर होती.

यात धोरणाचाही वाटा आहे, तो सांगितला पाहिजे. ३१ जानेवारीला संरक्षक साहित्याच्या निर्यातीवर बंदी आली, ८ फेब्रुवारीला सर्जिकल मास्क आणि हातमोज्यांसाठी ती सैल झाली, २५ फेब्रुवारीला आणखी सैल झाली आणि १९ मार्चला पुन्हा आवळली गेली. या दारे उघडण्या-मिटण्याच्या खेळात ज्यांच्याकडे भांडवल आणि गोदाम होते, त्यांना पुढे काय होणार याचा अंदाज पुरेपूर आला. मार्चच्या अखेरीस मुंबई पोलिसांनी गोदामांवर छापे घालून सुमारे २५ लाख मास्क पकडले आणि त्यांची किंमत १५ कोटींच्या घरात सांगितली गेली. एवढा माल कोणा वाण्याच्या माळ्यावर मावत नाही.

किराण्याची गोष्ट मास्कपेक्षा वेगळी आहे आणि ती वेगळी ठेवूनच बोलले पाहिजे. धान्य देशात होते, सरकारी कोठारे भरलेली होती. तुटली ती वाहतूक. टेम्पोचे चालक गावी गेलेले, हमाल कमी, मार्केट यार्डातले व्यवहार कधी चालू कधी बंद, वाशीची बाजारसमिती तर मे महिन्यात आठवडाभर पूर्ण बंद. अशा वेळी तूरडाळीचा किलोमागचा भाव चढला, तर त्यातले भाडे किती, हमाली किती आणि हाव किती, हे वेगळे काढल्याशिवाय दुकानदाराला चोर म्हणणे मला पटत नाही.

खरेदीच्या बाजूने हा काळ पाहिलेल्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

वाणसौदा :

धाग्याबद्दल आभार. इचलकरंजीत आमचे वडिलांच्या वेळेपासूनचे किराणा दुकान आहे. टाळेबंदीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत मी जे पाहिले, ते आधी कधी पाहिले नव्हते. ज्या घरात महिन्याला पाच किलो साखर जाते, त्या घरातून पंचवीस किलोची मागणी आली. तेलाची पिशवी नेणारे डबा मागू लागले. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी पाटी लावली की साखर दोन किलो, तेल दोन पिशव्या, याहून जास्त कोणालाही मिळणार नाही. त्यावर लोकांनी उपाय काढला. सकाळी स्वतः, दुपारी मुलगा, संध्याकाळी मेहुणा. चेहरे ओळखीचे असल्याने आम्हाला कळत होते, पण परत पाठवणार कोणाला?

हे सगळे करणारा ग्राहक महिन्याच्या पगारावर जगणारा होता. आमच्याकडचा दुसरा ग्राहक म्हणजे यंत्रमागावरचा कामगार. त्याचा पगार आठवड्याचा, खरेदीही आठवड्याची, पुष्कळदा त्या दिवसापुरतीच. माग बंद पडले तेव्हा त्याच्या हातात पैसा नव्हता, आणि त्याने उधारीवर मागितले तेव्हा आमच्या फळीवर माल नव्हता, कारण तो आधीच कोणाच्या तरी दिवाणाखाली जाऊन बसला होता. व्यापाऱ्याच्या साठेबाजीवर लिहिणारे बरेच आहेत. घरातल्या साठ्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता आमच्या बाजूचेही सांगतो. एप्रिलमध्ये तूरडाळीचा भाव आम्ही चढवला. जुना माल जुन्या भावाने विकला असता, तर त्या पैशात नवा कट्टा आला नसता. ठोक व्यापाऱ्याने उधारी बंद करून रोख मागायला सुरुवात केली होती. याला कोणी नफेखोरी म्हणत असेल तर म्हणो.

रोखठोक :

वाणसौदा, मी म्हणतो. जुन्या भावात खरेदी केलेल्या मालाला नवा भाव लावणे हीच तर नफेखोरीची सरळ व्याख्या आहे. नवा माल महाग आला की तो महाग विका, कोणाची तक्रार नाही. भाव उतरतो तेव्हा ‘हा माल महागात घेतलेला आहे, तो संपेपर्यंत जुनाच भाव’ असे आम्ही याच दुकानांतून ऐकत आलो आहोत. चढताना नव्या खरेदीचा हिशेब आणि उतरताना जुन्या खरेदीचा, हे कसे?

वाणसौदा :

प्रश्न रास्त आहे आणि उतरत्या भावाच्या वेळी तसे होते, हे मी नाकारणार नाही. माझे एवढेच म्हणणे आहे की दुकान बंद पडू न देण्यासाठी लावलेला भाव आणि माल आत ठेवून उद्या आणखी चढेल म्हणून थांबणे, या दोन्हींना एकच शिक्षा नको. आमचा माल फळीवर होता.

औषधपेढी :

तराजू यांनी लिहिलेले ‘वहीचे पान’ मी स्वतः घेतलेले आहे, त्यामुळे त्यावर अधिक बोलत नाही. मला छापील किमतीबद्दल लिहायचे आहे, कारण तिकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

पुण्यात हा अनुभव पहिल्यांदा आला असेही नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आपल्या शहरात झाला, शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि मास्क एका दिवसात बाजारातून नाहीसे झाले. त्या वेळी टॅमिफ्लू सरकारी केंद्रांतूनच दिले जात होते, त्यामुळे औषधाचा काळाबाजार निदान माझ्या तरी पाहण्यात आला नाही. मास्कवर मात्र कसलेही नियंत्रण नव्हते आणि पांढऱ्या मास्कसाठी लोक मागेल ती किंमत मोजत होते. त्याच्याही आधी, सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेला प्लेगची साथ आली, तेव्हा टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचे औषध मुंबईपर्यंतच्या दुकानांतून गायब झाले होते. तिन्ही वेळा आधी स्वस्त आणि साधी वस्तू संपली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. महाग वस्तूचा पुरवठा कोणी ना कोणी मोजून ठेवतो, स्वस्त वस्तूचा कोणीच ठेवत नाही.

आता छापील किमतीविषयी. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे, हे आपण सगळे जाणतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो. पण ती किंमत छापतो कोण? तयार करणारा किंवा आयात करणारा. त्याने वेष्टनावर वाटेल तो आकडा छापला की कायद्याच्या दृष्टीने सगळे सुरळीत. ऑक्सिमीटरची पेटी घ्या. तिच्यावरच्या छापील किमतीच्या निम्म्याहूनही कमी दरात ती आमच्या हातात पडत असे. ज्या दुकानदाराने पूर्ण छापील किंमत घेतली, त्याने कोणताही नियम मोडला नाही, आणि ज्याने निम्म्यात दिली तो गल्लीत देवमाणूस ठरला. खरे तर त्यालाही त्यात नफा होता.

हे हवेत बोलत नाही. मे २०२० मध्ये औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने एन-९५ मास्कच्या उत्पादकांना दर कमी करायला सांगितले, तेव्हा काहींचे दर ४७ टक्क्यांपर्यंत खाली आले. कोणताही कारखाना त्यामुळे बंद पडला नाही. नुसत्या सांगण्यावरून एवढे उतरले, तर आधी वर किती चढवले होते याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने एन-९५ साठी १९ ते ४९ रुपये आणि साध्या मास्कसाठी ३ ते ४ रुपये अशी मर्यादा घातली. मार्चमधल्या १० रुपयांच्या सरकारी दराशेजारी हे ३ ते ४ रुपये ठेवून पाहा. जून २०२१ मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर रोखला गेला, तेव्हा त्याच प्राधिकरणाने तो १९८ टक्क्यांपर्यंत जात असल्याचे नमूद केले होते. ऑक्सिमीटर, थर्मामीटर, रक्तदाबाचे यंत्र वगैरेंचा नंबर लागला जुलै २०२१ मध्ये. म्हणजे दुसरी लाट येऊन गेल्यावर!

मागणी_पुरवठा :

चर्चा चांगली चालली आहे, पण एक अप्रिय गोष्ट कोणीतरी म्हणायला हवी. भाव चढणे हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. मास्कचा भाव चढला, म्हणूनच होजियरीच्या कारखान्यांनी आणि घरोघरच्या बचत गटांनी शिवणयंत्रे मास्ककडे वळवली. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या आसवन्या (अल्कोहोल गाळण्याचे विभाग) सॅनिटायझर बनवू लागल्या. उन्हाळा संपेपर्यंत दुकानांत सॅनिटायझरचे डबे धूळ खात पडले होते आणि ज्यांनी चढ्या भावाने साठा केला होता, ते बुडाले. १० रुपयांची मर्यादा घातल्याने मास्क स्वस्त झाला नाही. तो उजेडातल्या बाजारातून उठून तराजू यांच्या त्या पेन्सिलीच्या पानावर गेला. शिवाय वाणसौदा म्हणतात ती पाटी कामी आली नाही, पण साखरेचा भाव त्या तीन दिवसांत दुप्पट असता, तर कोणीही पंचवीस किलो नेली नसती.

तराजू :

मागणी_पुरवठा, तुमचे पहिले निम्मे मला मान्य आहे. टंचाई संपली ती उत्पादन वाढल्यामुळे, छाप्यांमुळे नव्हे. पण आसवन्या भावाकडे पाहून आपखुशीने वळल्या हे अर्धेच खरे आहे. त्यांना परवाने झटपट देण्यात आले आणि अल्कोहोलच्या दरावरही मर्यादा घातली गेली, म्हणजे सरकारी हात त्यात होताच. आणि साखर दुप्पट भावाने विकली असती, तर पगारदाराने पंचवीसऐवजी दहा किलो नेली असती, मागावरच्या कामगाराने मात्र अर्धा किलोही नेली नसती. भाव हा वाटप करतो खरा, पण तो गरजेप्रमाणे करत नाही, खिशाप्रमाणे करतो. साथीत याचा अर्थ असा होतो की ज्याला दाटीवाटीच्या वस्तीत राहून कामावर जावेच लागते, त्याला मास्क शेवटी मिळतो. संसर्ग रोखण्याच्या दृष्टीनेही हे उलटेच झाले.

दोन देशांचे उदाहरण देतो, कारण तिथे भाव आणि वाटप दोन्ही एकाच वेळी हाताळले गेले. तैवानने जानेवारीच्या अखेरीस निर्यात थांबवली, कारखान्यांतला सगळा माल सरकारने विकत घेतला आणि ६ फेब्रुवारी २०२० पासून आरोग्य विम्याचे कार्ड दाखवून माणशी आठवड्याला दोन मास्क, प्रत्येकी ५ तैवानी डॉलरला, औषधांच्या दुकानांतून देणे सुरू केले. कोणत्या दुकानात किती नग उरले आहेत, हे लोकांना मोबाईलच्या नकाशावर दिसत होते. दरम्यान नवी यंत्रे बसवून उत्पादन कित्येक पटींनी वाढवले आणि जसजसे ते वाढले तसतसा माणशी वाटाही वाढवला. दक्षिण कोरियाने ९ मार्चपासून जन्मसालाच्या शेवटच्या अंकावरून वार ठरवून दिले. १ आणि ६ वाल्यांचा सोमवार, २ आणि ७ वाल्यांचा मंगळवार, अशा क्रमाने. मेहुण्याला पाठवायची सोयच उरली नाही. आपल्याकडे रेशनच्या दुकानांचे एवढे मोठे जाळे उभे आहे. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेचे माणशी ५ किलो धान्य त्यातूनच वाटले गेले, केशरी कार्डवाल्यांना मे-जूनमध्ये ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ त्यातूनच मिळाला. त्याच दुकानांतून कार्डावर दोन-दोन मास्क आणि साबणाची एक वडी का देता आली नसती, हे मला आजही कळलेले नाही.

माजघर :

मी वयाने तुमच्या सर्वांपेक्षा मोठी आहे आणि दादरला राहते. १९७२-७३ ला साथ नव्हती, दुष्काळ होता, तरी आठवण विषयाला धरून आहे म्हणून लिहिते. रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), तेल आणि साखर बाजारातून गडप, आणि व्यापारी म्हणत मालच येत नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी राहिली आणि आम्ही लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलो. बायका गिरगाव-परळच्या लहान दुकानदाराच्या दारात फार वेळ थांबत नसत. तो बिचारा आमच्याच चाळीतला असे. मोर्चे जात मंत्र्यांकडे आणि गोदामांकडे. माल कुठून येतो, कोणाच्या गाडीने येतो, हे आम्हाला ठाऊक असे, कारण हमालांच्या घरच्या बायका आमच्यात होत्या. २०२० मध्ये घराबाहेरच पडता येत नव्हते, त्यामुळे कोणी काय दाबून ठेवले आहे, हे पाहणारे डोळेच रस्त्यावर नव्हते. साठेबाजाला याहून सोयीचा काळ कोणता?

कांदाचाळ :

निफाडहून लिहितो. एक विनंती आहे : ‘साठा’ दिसला की ‘साठेबाजी’ म्हणू नका. शेतकरी चाळीत उन्हाळ कांदा चार-पाच महिने ठेवतो तो सडण्याचा धोका पत्करून, आणि तो ठेवला नाही तर तुम्हाला सप्टेंबरात कांदा दिसणार नाही. साथीच्या त्याच वर्षी, २३ ऑक्टोबर २०२० ला, ठोक व्यापाऱ्यांना २५ टन आणि किरकोळ विक्रेत्यांना २ टन अशी मर्यादा घातली गेली आणि व्यापाऱ्यांनी लिलावात हात आखडता घेतला. त्याची झळ आम्हाला बसली. बाकी चालू द्या.

बे_एरियातून :

मी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला होतो, अजूनही आहे. इथला कायदा या चर्चेला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आणीबाणी जाहीर झाली की अन्न, औषधे, आपत्कालीन साहित्य अशा वस्तूंचा भाव आधीच्या भावाहून १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. ४ मार्च २०२० ला आणीबाणी जाहीर झाली आणि हा नियम आपोआप लागू झाला. यात एक शहाणपणाची तरतूद आहे. विक्रेत्याची स्वतःची खरेदी महागली असेल, तर तो खरेदीची किंमत अधिक नेहमीचा नफा, आणि त्यावर फार तर १० टक्के एवढे घेऊ शकतो. पण ते सिद्ध करायचे ओझे त्याच्यावर, म्हणजे बिले दाखवावी लागतात. वाणसौदा आणि रोखठोक यांच्यातला वाद असल्या तरतुदीने बराचसा मिटला असता.

कायदा असूनही इथल्या भारतीय किराणा दुकानांत काय झाले, तेही सांगतो. कणकेची पोती, तूरडाळ आणि मसुरीचे भाव दर आठवड्याला बदलत होते. एका दुकानात फळीवरची जुनी चिकटपट्टी न काढता तिच्यावरच नवी लावलेली होती. वरची सोलली की खाली आधीची किंमत, तिच्या खाली त्याही आधीची. आमच्या मराठी गटात तिचे फोटो फिरले, काहींनी राज्याच्या महान्यायवादींच्या कार्यालयाकडे तक्रारी केल्या, आणि काहींनी ‘आपल्याच माणसाची तक्रार कशाला’ म्हणून मोडता घातला. मला तो युक्तिवाद मुळीच पटला नाही. गंमत म्हणजे तोच गट दोन आठवडे आधी, कुठल्या दुकानात कणीक आली आहे हे एकमेकांना कळवून, सकाळी नऊला रांगा लावत होता.

टेनेसीमधल्या दोन भावांची बातमी तेव्हा जगभर गाजली होती. गाडीने गावोगाव हिंडून त्यांनी सॅनिटायझरच्या हजारो बाटल्या उचलल्या, ऑनलाइन चढ्या भावाने विकायला काढल्या, आणि संकेतस्थळांनी विक्री थांबवल्यावर सुमारे १७,७०० बाटल्या त्यांच्या घरी पडून राहिल्या. शेवटी त्या दान कराव्या लागल्या. त्यांनी त्या बाटल्या ज्या लहान गावांतल्या दुकानांतून उचलल्या, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना त्या आठवड्यात काय मिळाले असेल, याकडे बातम्यांनी फारसे लक्ष दिले नाही.

जुना_मापाडी :

वजन-मापे आणि छापील किंमत तपासणाऱ्या वैधमापन खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून अंमलबजावणीच्या बाजूने लिहितो. लोकांना वाटते की निरीक्षकाने मनात आणले, तर कोणालाही धरता येते. वस्तुस्थिती अशी की छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तर ते प्रकरण आमचे. सुट्टी डाळ महाग विकली तर तिच्यावर छापील किंमतच नसल्याने आमच्या हाती काही नाही. साठ्याचा विषय पुरवठा विभागाचा. सॅनिटायझर भेसळीचे निघाले तर अन्न आणि औषध प्रशासनाचा. तक्रारदार बिचारा एकाच दुकानाबद्दल तीन दारे फिरतो.

शिक्षा कडक नाहीत असेही नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि १९८० च्या काळाबाजार प्रतिबंधक कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. पण साठेबाजी सिद्ध करायची, तर साठ्याची मर्यादा आधी जाहीर असावी लागते. ती नसेल, तर गोदामात ५०,००० नग असणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. मालक म्हणतो, ‘माल परवाच आला, उद्या जाणार आहे’, आणि ते खोटे आहे हे दाखवायला कागद लागतो.

यातला विरोधाभास पाहा. ५ जून २०२० ला, म्हणजे साथ भरात असताना, अध्यादेश निघाला की धान्य, डाळी, तेलबिया, कांदे, बटाटे यांच्यावर साठ्याची मर्यादा असाधारण परिस्थितीतच घालता येईल. भाववाढीचा निकष नाशवंत मालासाठी १०० टक्के आणि टिकाऊ मालासाठी ५० टक्के ठेवला गेला. ३० जूननंतर मास्क आणि सॅनिटायझरही यादीतून बाहेर पडले. पुढे तो अध्यादेश कायदा झाला, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि वर्षअखेरीस तो मागे घेतला गेला. शेतमालाच्या व्यापारासाठी तो बरा की वाईट हा वेगळा वाद आहे, पण साथीच्या मध्यात साठ्याचे नियम सैल करणे मला तेव्हाही अनाकलनीय वाटले होते.

रोखठोक :

मापाडीकाका, मग ग्राहकाने करायचे काय? तक्रार करून उपयोग होतो का?

जुना_मापाडी :

होतो, पण कागद असेल तर. बिल मागावे, ते मिळाले नाही तर वेष्टनाचा फोटो घ्यावा. त्यात उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि छापील किंमत दिसली पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक चालू आहे. ‘अमुक दुकानदार लुटतो’ एवढ्याच तक्रारीवरून कोणी जाऊन काही करू शकत नाही, पण एकाच बॅचच्या मालाबद्दल चार ठिकाणांहून तक्रारी आल्या, तर तो माल कोणाकडून सुटला, हे शोधता येते. आमच्याकडे अशा तक्रारी क्वचित येत, कारण सगळे लिहीत ते दुकानाचे नाव.

वाणसौदा :

आम्हा दुकानदारांवर खरेदीचे बिल दर्शनी भागात लावायची सक्ती केली, तर माझी हरकत नाही. पण ठोकवाला बिलच देत नाही तिथे मी काय लावू?

तराजू :

नेमके तेच. मापाडीकाकांच्या मुद्द्याला जोडून सांगतो : मोठ्या मालाचा माग आधीच सरकारच्या संगणकात असतो. करपात्र माल ट्रकने हलवायचा तर ई-वे बिल लागते, त्यावर कोणी, कोणाला, किती रुपयांचा माल पाठवला, हे नोंदलेले असते. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये मास्कच्या पेट्या कोणकोणत्या गोदामांत उतरल्या आणि तिथून पुढे हललेल्याच नाहीत, हे कर विभागाकडच्या नोंदींवरून कळण्यासारखे होते. मात्र महाराष्ट्रात राज्यांतर्गत एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, आणि सुट्ट्या धान्याला ते मुळातच नाही. त्यामुळे गोदामापर्यंत माल कागदावर येतो आणि तिथून पुढे पेटी-पेटीने स्कूटरवर बसतो. आणीबाणी जाहीर होताच ठरावीक वस्तूंपुरती ही एक लाखाची सूट काढून घ्यावी आणि गोदामातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेटीला बिल सक्तीचे करावे, अशी सूचना मी आमच्या व्यावसायिकांच्या गटात मांडली होती. लहान व्यापाऱ्याला कटकट वाढेल, असा आक्षेप तिथे आला आणि तो खोटा नाही. वाणसौदा, औषधपेढी, तुमच्या दुकानाला अशी कटकट किती दिवस झेपेल, ते कळले तर पुढचा मसुदा त्याप्रमाणे करता येईल.